विजेच्या शेगडीसाठी स्वतंत्र पॉइंट आणि खरे अर्थिंग हवे

महोदय,

सिलिंडर संपले की दुसरे येईपर्यंत अडू नये म्हणून आमच्या दारव्हा तालुक्यातील खेड्यांत बऱ्याच घरी आता इंडक्शन शेगडी किंवा विजेचा कुकर येऊ लागला आहे. वस्तू कामाची आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. पंखा-बल्बच्या जुन्या बोर्डात तिची पिन खुपसून मोकळे होण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिच्याविषयी मात्र लिहिणे भाग आहे, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

तूर सोंगणीच्या दिवसांत आम्ही 2000 वॉटची शेगडी घेतली. तिची पिन जाड, घरातले सॉकेट बारीक. दुकानदाराने लगेच एक कन्व्हर्टर पिन काढून दिली. घरात पॉइंट कोणता आहे, हे त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. हिशेब साधा होता. 230 व्होल्टवर 2000 वॉट म्हणजे जवळपास पावणेनऊ अँपिअर, आणि आमचे सॉकेट 6 अँपिअरचे. चार-पाच दिवस भात, वरण, चहा सगळे सुरळीत झाले. मग एका संध्याकाळी जळक्या रबरासारखा वास आला. पिन ओढली तर ती सॉकेटला चिकटलेली होती, आणि बाहेर आली तेव्हा तिचा एक पाय पार काळा पडलेला होता. फ्यूज मात्र शाबूत, कारण मागे कधीतरी तो उडाला असताना त्यात तांब्याच्या तारेचे दोन पदर पिळून घातले होते. ते कोणी घातले, हे विचारण्यात अर्थ नाही. घरात फ्यूज बांधणारा मी एकटाच आहे.

परवानाधारक वायरमनने बोर्ड उघडल्यावर याहून वाईट गोष्ट दिसली. सॉकेटच्या वरच्या मोठ्या छिद्राच्या मागे जमिनीत जाणारी हिरवी वायर नव्हतीच. फिटिंग करणाऱ्याने न्यूट्रलमधूनच, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीतूनच, बोटभर तुकडा काढून तिथे जोडून दिला होता. खेड्यात ही पद्धत सर्रास चालते आणि उपकरणही त्यावर चालते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पण वाटेत कुठे न्यूट्रल तुटला, की फेजचा, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीचा, करंट उपकरणातून फिरून त्याच तुकड्यावाटे त्याच्या धातूच्या अंगावर येतो. पत्र्याच्या अंगाची कॉइलची शेगडी किंवा भाताचा कुकर असेल आणि बाई ओल्या हाताने झाकण काढत असेल, तर पुढचे सांगायला नको.

आता मीटरपासून स्वयंपाकघरापर्यंत 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी वायर टाकली, 16 अँपिअरचे सॉकेट आणि तेवढाच एमसीबी बसवला, शिवाय 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी घेतला. या दोहोंत लोकांची गल्लत होते. जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यास एमसीबी पडतो. अंगातून किंवा भिंतीतून करंट जमिनीत गळू लागला तर आरसीसीबी. एक आहे म्हणून दुसऱ्याला काट मारता येत नाही.

खरी मेहनत अर्थिंगची. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाला सोडून मागे सरते. कोळसा-मीठ भरून गाडलेले अर्थिंगही मे महिन्यात नावापुरते उरते. म्हणून आम्ही अडीच मीटरचा जस्ती पाइप न्हाणीच्या सांडपाण्याजवळ गाडला, आणि चैत्र-वैशाखात त्यात बादलीभर पाणी ओततो. टेस्टर पेटला म्हणजे अर्थिंग आहे, हा समज चुकीचा आहे. टेस्टर फक्त फेज दाखवतो. आमच्या वायरमनने आरसीसीबी बसवण्याआधी जुना 100 वॉटचा पिवळा बल्ब फेज आणि अर्थिंगमध्ये लावून पाहिला. तो मंद पेटला तर अर्थिंग कामाचे नाही. एलईडी बल्बने हे कळत नाही, कारण तो थोड्याशा करंटवरही पेटतो. नेमका आकडा हवा असेल तर अर्थ टेस्टर लागतो. हे प्रयोग घरच्या माणसाने करायचे नाहीत, हेही लिहून ठेवतो. मंजूर भार कमी असल्यास महावितरणकडे तो वाढवून घेण्याचा अर्जही करावा.

दुकानदारांना विनंती, की शेगडी विकताना गिऱ्हाइकाला पॉइंट 6 चा की 16 चा, एवढे विचारावे आणि कन्व्हर्टर पिन हाती देऊ नये. ग्रामपंचायतींना विनंती थोडी मोठी आहे. सध्या गावोगावी घरकुलांची बांधकामे सुरू आहेत. भिंतीला प्लास्टर होण्याआधीच चुलीच्या बाजूला 16 अँपिअरच्या पॉइंटसाठी पाइप आणि तीन वायरी टाकायला लाभार्थ्याला सांगावे. नंतर भिंत फोडून वायर टाकण्याचा खर्च ऐकला, की माणूस पुन्हा कन्व्हर्टर पिनच विकत आणतो.

– एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ