जुन्या गाडीचं सस्पेन्शन मार्गी लावणाऱ्या मेकॅनिकदादांना

प्रिय दादा,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत पुढच्या गाडीखाली शिरता, म्हणून लिहूनच काढतोय. आणि मुद्दाम उघड लिहितोय. जुनी गाडी रोज पळवणाऱ्या पुष्कळांना, तुम्ही मला सांगितलंत ते कुणी सांगितलेलंच नसतं.

मी आलो तेव्हा माझी यादी तयार होती: कडक आणि जरा आखूड स्प्रिंगा, गॅसचे शॉकअप, झाडून सगळीकडे पॉलियुरेथेनचे बुश, म्हणजे सांध्यांत रबराऐवजी कडक प्लास्टिकच्या गाद्या. गाडीला आता बरीच वर्षं झाली, रोजची धावपळ तिच्यावरच, तेव्हा काम करायचंच तर जरा वरचढ करू, एवढाच विचार. यादी वाचून तुम्ही ती घडी घालून परत दिलीत आणि म्हणालात, "आधी हिला काय झालंय ते तर बघू."

पुढचा कोपरा दाबून गाडी हलवून बघणं तुम्ही केलंत, पण फारसं मनावर घेऊन नाही. शॉकअप पुरता गेलेला असेल तरच त्या परीक्षेत सापडतो, अर्धामुर्धा गेलेला बिनबोभाट पास होतो. मग टायरवरून तळहात फिरवलात आणि मलाही फिरवायला लावलात. डोळ्यांना टायर ठीकच दिसत होता, हाताला मात्र ठरावीक अंतराने खोलगट चट्टे लागत होते. चाक रस्त्याला धरून न राहता बारीक उड्या मारत चाललं की टायर असा खातो, हे तुम्ही सांगितलंत. इतके दिवस ती घरघर मी बेअरिंगच्या नावावर खपवत होतो.

स्टीअरिंगचा किस्सा तर मी ऐकेल त्याला सांगत सुटलोय. वळवताना पुढून 'टंग' असा आवाज यायचा, आणि दुसरीकडे मला सरळ स्टीअरिंग रॅक, म्हणजे चाकं वळवणारी यंत्रणाच, बदला असं सांगण्यात आलं होतं. तुम्ही मला आत बसवून स्टीअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलंत आणि स्वतः चाकाच्या कमानीत हात घालून स्प्रिंगवर बोटं टेकवलीत. मग जागांची अदलाबदल. बोटांखाली स्प्रिंग आधी अडायची, तिच्यात पीळ भरत जायचा आणि एकदम झटक्यात सुटायची. स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला पुढचा खांब, वर बॉडीला जिथे बसतो त्या माउंटिंगमधलं बेअरिंग जाम झालेलं, म्हणून स्ट्रटबरोबर स्प्रिंग मोकळी फिरत नव्हती. रॅकला काहीही झालेलं नव्हतं. त्या एका मिनिटात तुम्ही माझा केवढा खर्च वाचवलात, याचा हिशेब मी न केलेलाच बरा.

बाकीचे आवाजही तुम्ही एकेक करून वेगळे काढलेत. बारीक खडबडीवर कमी वेगात येणारी टकटक स्टॅबिलायझरच्या, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या, लिंकची. मोठ्या खड्ड्यात बसणारा एकच दणका बंप स्टॉपचा (चाक पार वर गेलं की टेकायचा ठोकळा), म्हणजे खरं तर तो उरलाच नव्हता त्याचा. ब्रेक दाबताना नाक किंचित एका बाजूला जायचं ते लोअर आर्मच्या, म्हणजे चाक खालून धरणाऱ्या दांड्याच्या, मागच्या बुशामुळे. पहार लावून तुम्ही तो आर्म हलवलात तेव्हा रबर आतल्या नळीपासून सुटून अर्धचंद्रासारखं उघडलेलं मी स्वतः पाहिलं. आर्मच्या टोकाचे बॉल जॉइंट मात्र घट्ट होते, आणि ते घट्ट आहेत हेही तुम्ही हलवून दाखवलंत. चांगला भाग चांगला आहे असं आपणहून सांगणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत.

स्प्रिंगांचा विषय मी सहज सोडणार नव्हतो, हे तुम्हालाही दिसलं असावं. तेव्हा तुम्ही टेप काढलात आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या काठापर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजलंत. जमिनीपासून का नाही, तर टायरमधली हवा कमीजास्त असली की माप फसवतं. डावी-उजवी जवळपास सारखी निघाली, स्प्रिंगच्या खालच्या वेढ्याला गंज किंवा तडा नव्हता. म्हणजे स्प्रिंगा शाबूत. वजन पेलायचं काम स्प्रिंगचं, आणि एकदा हललेली स्प्रिंग शांत करायचं काम शॉकअपचं. आपली गाडी डोलत होती ती दुसऱ्या कामात कसूर झाल्यामुळे. त्यात कडक स्प्रिंग घातली असती तर तिला आवरायला शॉकअपही तेवढाच जोरकस लागला असता. आखूड घातली असती तर चाकाला वर जायला जागा कमी, लोअर आर्मचा कोन बदललेला आणि खड्ड्यागणिक बंप स्टॉपवर आदळणं. रोज माणसं आणि सामान वाहणाऱ्या गाडीत हे कशाला, हा तुमचा प्रश्न होता आणि मला त्यावर उत्तर सुचलं नाही.

पुढच्या चाकांची ही मॅकफर्सन स्ट्रटची रचना किती जुनी आहे, हे मी नंतर शोधलं. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने ती १९४० च्या दशकात आखली, आणि १९५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांमधून ती रस्त्यावर आली. तिच्यात वरचा आर्म नसतोच. चाक उभं धरून ठेवण्याचं कामही स्ट्रटच करतो. म्हणून तो झिजला की गाडी नुसती उसळत नाही, स्टीअरिंगही ढिलं वाटायला लागतं. तुम्ही हे सगळं "हा शॉकअप म्हणजे इथे खांब पण आहे" एवढ्या वाक्यात सांगून मोकळे झाला होतात.

गॅसचे शॉकअप मात्र तुम्ही यादीतून काढले नाहीत. मूळ मापाचे, मूळ स्प्रिंगला जुळणारे, पण नायट्रोजन भरलेले. आतलं तेल बारीक छिद्रांमधून ढकललं जातं तेव्हा चाकाच्या हालचालीतली शक्ती उष्णतेत जाते. सलग खराब रस्ता लागला की ते तेल घुसळून त्यात बुडबुडे होतात आणि अवरोध कमी पडतो. वरून गॅसचा दाब असला की हा फेस आटोक्यात राहतो. उजव्या शॉकअपवर तेलाचे ओघळ होते, डाव्यावर नुसता ओलसर थर, आणि तेवढा ओलावा चालतो असं तुम्हीच म्हणालात. तरी दोन्ही बदलले, कारण एक नवा आणि एक दमलेला अशी जोडी ब्रेक मारताना आणि वळणावर दोन बाजूंना दोन तऱ्हेने वागते.

बसवण्याआधी नवा शॉकअप उभा धरून पूर्ण खालीवर करायला तुम्ही मला दिलात. सुरुवातीला मध्येच एक पोकळ जागा लागत होती, दांडा फुकट घसरल्यासारखा. दाबत गेलो तशी ती जागा नाहीशी झाली आणि खाली-वर दोन्हीकडे एकसारखा, जड असा विरोध लागायला लागला. आडवा पडून राहिल्याने आतल्या तेलाच्या नळीत शिरलेला गॅस वर निघून जायला हवा, नाहीतर नवाकोरा शॉकअपसुद्धा पहिल्या दिवशी खडखडतो. जुन्या स्ट्रटवरची स्प्रिंग कॉम्प्रेसरने, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायच्या हत्याराने, आवळताना तुम्ही मला रेषेतून बाजूला उभं केलंत, आणि वरच्या माउंटिंगवरचा दाब पुरता उतरेपर्यंत मधल्या नटाला हात लावला नाहीत. दांड्याला पक्कडही लावू दिली नाहीत. त्यावर एक ओरखडा उठला की सील कापलं जातं.

पण सगळ्यात जास्त आभार आहेत ते शेवटच्या अर्ध्या तासाचे. आर्म बसले, चाकं लागली, मला वाटलं झालं. तुम्ही मात्र बुशांचे बोल्ट नुसते हाताने टेकवून ठेवले होते. गाडी पूर्ण वजनाने चाकांवर उभी केलीत, थोडी पुढेमागे ढकललीत, आणि मग खाली शिरून, जेमतेम हात जाईल एवढ्या जागेत, ते बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने, आवळलेत. रबराचा बुश फिरत नाही, तो पिळला जातो. आतली नळी बोल्टने घट्ट पकडलेली, बाहेरची कडी आर्ममध्ये घट्ट, आणि मधलं रबर दोघांना चिकटलेलं. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला की गाडी खाली उतरताच रबर पिळलं जातं आणि मग उभ्या गाडीतसुद्धा तसंच पिळलेलं राहतं. तो बुश लवकर फाटणारच. वर लटकलेल्या गाडीला उभ्याउभ्या बोल्ट आवळून मोकळं होणं किती सोपं होतं, ते मला दिसत होतं. तुमचं कोपर खरचटलं तेही दिसलं.

पॉलियुरेथेनबद्दल आपलं अजूनही पूर्ण पटलेलं नाही. लोअर आर्मला ते घातलं की रस्त्याची प्रत्येक कुरबुर बॉडीत येते, हे मान्य. स्टॅबिलायझर बारच्या दोन बुशांपुरता माझा हट्ट तुम्ही चालवून घेतलात, भरपूर ग्रीस लावून, आणि "किरकिर आली की माझ्याकडे यायचं नाही" असं बजावून. अजून तरी आलेली नाही. हे जरा मोठ्याने लिहितोय.

अलाइनमेंट त्याच दिवशी झालं, कारण स्ट्रट आणि आर्म उघडले की टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, जुन्या जागी राहीलच याचा भरवसा नसतो. थोडी चालवून सगळं जागेवर बसलं की पुन्हा एकदा तपासून घ्यायला तुम्ही सांगितलं होतं, तेही केलं. किरकोळ फरक होता, दुरुस्त करून घेतला.

गाडी कडक झालेली नाही, उलट बारीक खडबड आता जाणवत नाही. गतिरोधकावरून उतरली की एकदा दबते आणि तिथेच थांबते, आधीसारखी पाठोपाठ डुलत नाही. ब्रेकला नाक खाली जातं ते कमी आणि सरळ. मागे बसणाऱ्यांना हल्ली मळमळत नाही, आणि ही तक्रार मी वर्षानुवर्षं त्यांच्याच माथी मारत आलो होतो. टायरची घरघर तेवढी आहे. पडलेले चट्टे शॉकअप बदलून भरून येत नाहीत हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, त्यामुळे ती तक्रार नाही.

मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या बीमचे बुश अजून तग धरतील असं तुमचं मत होतं. पण गाडी सामानाने भरली की मागून हलका ठोका ऐकू येतो. तो बुशाचा, की एक्झॉस्टच्या लटकवायच्या रबराचा, हे माझ्या कानांना ठरवता येत नाही. एखादी सकाळची वेळ द्या, डिकीत वजन घालूनच येतो, म्हणजे आवाज तुमच्यासमोर काढून दाखवता येईल.

आपला,
त्या जुन्या गाडीचा मालक