पणजोबांची पलटण सापडली

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला (आजच्या इराकला) लढायला गेलेले पणजोबा शोधायला मी १९११ च्या शिरगणतीपासून सुरुवात केली. चूकच! त्यात गावाची डोकी मोजलेली मिळाली, माणसांची नावं नाहीत. तेव्हा कोतवाल बुकाचं (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीचं) जीर्ण पान शोधून देणाऱ्या तहसील कचेरीतल्या काकांना, आणि त्यावरची मोडी चष्मा पुसत, एक पैसा न घेता वाचणाऱ्या आजींना मनापासून नमस्कार. मी नुसतं ‘मराठा’ वाचून सोडलेला शेरा ‘११० मराठा पलटण’ असा निघाला! म्हणजे इराकमधल्या कुत गावी तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकलेली, २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलेली पलटण. तिथे उपासमारीत शेवटी घोडी कापून खावी लागली होती. आत्या सांगायची, म्हातारा जन्मात कधी टांग्यात बसला नाही.