आठवणीची गुठळी

कुलाबा, मुंबई

प्रिय श्रीधर,

तुझं पत्र मिळालं. आबा सकाळी काय जेवले ते दुपारी विसरतात, तेव्हा तुझ्या चिलटांवरच्या संशोधनातून काही निष्पन्न झालं का, असं तू विचारलंस. औषध सापडलेलं नाही, हे आधीच सांगतो. पण कळलंय पुष्कळ.

पिकल्या केळ्यांवर घोंघावतात, त्याच या फळमाश्या. त्यांना काचेच्या नळीत घालायचं, एक वास सोडायचा आणि सोबत विजेचा हलका झटका द्यायचा. दुसऱ्या वासाला झटका नाही. मग दोन फाट्यांच्या तोंडाशी आणून सोडायचं, एकीकडे एक वास, दुसरीकडे दुसरा. बहुतेक माश्या झटक्याचा वास टाळून पलीकडे वळतात. अजूनही ते पाहताना माझ्या अंगावर काटा येतो. आमच्या कुलाब्यातच सत्तरच्या दशकात ओबैद सिद्दिकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांनी वास न ओळखणाऱ्या माश्या शोधल्या होत्या.

असे दहा धडे लागोपाठ दिले, तर आठवण काही दिवसांत विरते. मध्ये पंधरा-पंधरा मिनिटांची उसंत दिली, तर आठवडाभर तरी टिकते. टिम टली यांच्या गटाने १९९४ मध्ये हे दाखवलं. टिकाऊ आठवणीसाठी क्रेब हे प्रथिन जनुकांना जागं करतं आणि पेशी नवी प्रथिनं बनवते. ती बनू दिली नाहीत, तर टिकाऊ आठवण तयारच होत नाही.

पण प्रथिनं तर सतत मोडत असतात, मग आठवण उरते कशी? इथे ऑर्ब२ नावाचं प्रथिन येतं. सुटं असताना ते प्रथिननिर्मिती दाबून धरतं. एकमेकांना चिकटून त्याची गुठळी झाली, की तेच निर्मिती चालू करतं, आणि ही गुठळी सहजी सुटत नाही, म्हणून आठवणही टिकते.

हे वाचताना मला आबाच आठवले. अल्झायमरमध्येही मेंदूत प्रथिनांच्या गुठळ्याच साचतात. प्रथिन वेगळं, पण घडण त्याच जातीची. म्हणजे जी घडण आपण निव्वळ रोग समजत होतो, तिचाच आधार घेऊन माशी आठवण जपते! माशीच्या मेंदूतून काढलेल्या ऑर्ब२च्या गुठळीतल्या तंतूंची रचना २०२० मध्ये कौशिक सी यांच्या गटाने उलगडली. रोगातल्या बऱ्याच तंतूंचा गाभा पाण्यापासून पळणारा असतो, ऑर्ब२चा मात्र पाण्याशी जमवून घेणारा. चांगली गुठळी आणि घातक गुठळी यांतला फरक असा हाती लागतोय, म्हणून मला या कामातून उठवत नाही.

तपासणीसाठी आबांना मुंबईला आणशील, तेव्हा आमच्याकडेच उतर. काकूंना नमस्कार.

तुझा,
विनायक