डबक्यात पाणी ओतू नका, आधी पाणी तपासायच्या किटला पैसे द्या

मंडळी नमस्कार, टेकडी ग्रुपकडून लिहितोय. पाऊस तोंडावर आलाय, बेडूक अंडी घालतात त्या टेकडीवरच्या डबक्यांचं पाणी तपासायला आम्हाला पैसे हवेत आणि माणसंही.

आधी आमचीच चूक सांगतो. मागच्या जूनमध्ये पुण्याच्या वेताळ टेकडीवर एका खळग्यात भेकाने (म्हणजे टोड, खडबडीत कातडीचा बेडूक) अंडी घातली होती, जेलीच्या दोरीत काळे मणी ओवल्यासारखी, लांबच लांब. मग पावसाने दडी मारली, खळगा आटायला लागला म्हणून आमच्यातल्याच दोघातिघांनी घरून नळाचं पाणी कॅनने नेऊन ओतलं, फोटो टाकले, ग्रुपवर टाळ्याही वाजल्या. दोन दिवसांनी बघतो तर मणी पांढरे पडलेले आणि वर कापसासारखी बुरशी. आता ती नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने गेली, की उन्हाने, की पाणी आधीच नासलेलं होतं, कुणालाच सांगता येईना, कारण मोजलंच नव्हतं! एक काका म्हणाले, माझ्याकडे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) होता की. काका, तो आरओला ठीक आहे, अमोनिया, म्हणजे पाण्यात घाण कुजून होणारं विष, किती ते त्यात कळत नाही.

बेडकाच्या अंड्याला कोंबडीसारखं कवच नसतं हो, नुसती जेली, पाण्यात जे असेल ते आत जाऊ शकतं आणि आतल्या जिवाला पळूनही जाता येत नाही. पाणी फार आम्लधर्मी झालं तर अंड्याचं आवरण विरघळवणारं एन्झाइमच नीट चालत नाही, जीव आत वाढतो आणि मुटकुळं होऊन तिथंच मरतो. लोक प्रेमाने बिस्किटं, पोळ्या टाकतात, त्या कुजतात, ऑक्सिजन कमी होतो, अमोनिया वाढतो, आणि पाणी तापलं की तोच अमोनिया जास्त विषारी. वरून पाणी नितळ दिसतं, हीच तर गंमत आहे.

भेक काही दुर्मिळ नाही, मान्य. पण त्याचाच भाऊबंद कोयना टोड एंडेंजर्ड, म्हणजे नामशेष व्हायच्या धोक्यात आहे आणि 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवलेला आंबोली टोड तर क्रिटिकली एंडेंजर्ड, म्हणजे धोका त्याहून मोठा, आणि आंबोलीवाला अंडी घालतो कातळावरच्या उथळ, पावसाळी डबक्यात. पावसाळ्यात आंबोलीला गाड्या भरभरून आपण पुणेकरच जातो ना, आणि चिखलाचे पाय, टायर, डबे कुठल्या पाण्यात धुतो ते आठवून बघा. साबण तर नकोच नको.

तर यंदा जून ते सप्टेंबर दर रविवारी टेकडीवरच्या खळग्यांतलं पाणी तपासायचंय. पीएच मीटर (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा), तो बरोबर दाखवतोय ना ते जुळवून घ्यायचं बफर द्रावण, मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात ते अमोनिया आणि नायट्रेटचे किट, क्लोरीनच्या पट्ट्या, थर्मामीटर, असा अंदाजे 18 हजारांचा खर्च आहे, 7 हजार जमलेत. शंभर द्या, पाचशे द्या, खजिनदारांकडे देऊन पावती घ्या, हिशेब ग्रुपवर टाकू. ऑक्सिजन मीटर महाग आहे, तो यंदा राहू दे.

पैसे नसतील तर दोन तास द्या, रविवारी साडेसहाला पायथ्याशी, वही आणि पेन्सिल घेऊन (पेन पावसात फुटतं). अंडी कुणी घरी आणायची नाहीत, हात लावायचा नाही, आणि खळगा आटताना दिसला तर कॅन उचलायच्या आधी ग्रुपवर विचारा. सॅम्पलला झाकणाच्या काचेच्या बाटल्याही हव्यात, घरातल्या रिकाम्या आणा, फक्त साबणाने घासू नका, नुसत्या पाण्याने चारपाच वेळा खळखळून आणा.