काकूंना घेऊन ये, वाटा तयार आहेत

मँचेस्टर,
मार्चअखेर

प्रिय मुक्ता,

तुझं पत्र मिळालं. काकूंचा गुडघा आता बरा आहे, रोज संध्याकाळी त्या गोदाकाठी चक्कर मारून येतात, हे वाचून फार बरं वाटलं. लेक डिस्ट्रिक्टला, म्हणजे इथल्या डोंगर-तळ्यांच्या भागात, आणलं तर त्यांना नुसतं गाडीच्या काचेतून डोंगर बघत बसावं लागेल का, असं तू विचारलंयस. मुळीच नाही. त्यांना तिथं चालता येईल, डोंगरावरसुद्धा जाता येईल. कसं ते नीट लिहिते, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढ. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्यासमोर वन खात्याचं फाटक, तिकीट आणि संध्याकाळी बाहेर पडण्याची वेळ येते. इथं फाटक नाही. १९५१ साली हा भाग राष्ट्रीय उद्यान झाला, २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, आणि एवढ्या काळात लोक आतच राहत आले. गावं आहेत, शाळा आहेत, मेंढपाळांची घरं आहेत. बरीचशी जमीन खाजगी मालकीची आहे. तरीही त्या जमिनीतून जाणारी वाट आपली असते. नकाशावर ती हिरव्या तुटक रेघेनं दाखवलेली असते आणि मालकाला ती अडवता येत नाही. उघड्या डोंगरमाथ्यांवर तर २००० सालच्या कायद्यानं वाट सोडूनही हिंडायची मुभा दिली आहे. मला इथलं सगळ्यात काय आवडत असेल तर हेच. तळी सुंदर आहेत, त्यांचे फोटो तू पाहिलेच आहेस. पण त्या तळ्यांच्या काठानं कुणालाही चालता यावं म्हणून माणसं किती झगडली, ते कळल्यापासून मी इथं वेगळ्या नजरेनं चालते.

म्हणून काकूंसाठी पहिला डोंगर मी लॅट्रिग ठरवलाय. आपण केझिक गावात उतरणार आहोत. लॅट्रिग त्याच्या डोक्यावरच उभा आहे, उंची जेमतेम ३६८ मीटर. १८८७ साली इथल्या जमीनदारानं माथ्याकडे जाणारी जुनी वाट बंद केली. गावकऱ्यांनी वाटा राखण्यासाठी संघटना काढली होती, तिनं अर्ज-विनंत्या करून पाहिल्या. शेवटी १ ऑक्टोबरला सुमारे दोन हजार माणसं अडथळे बाजूला सारत गाणी म्हणत माथ्यावर गेली. केझिक तेव्हा केवढंसं गाव असेल, विचार कर! प्रकरण कोर्टात गेलं आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. स्पूनी ग्रीन लेन नावाची जी गल्ली गावातून डोंगराकडे चढते, ती त्या तडजोडीतून लोकांना मिळालेली वाट. मी नेहमी तिथूनच वर जाते.

काकूंना मात्र त्या चढानं न्यायचं नाही. लॅट्रिगच्या पाठीमागे, स्किडॉ डोंगराच्या पायथ्याशी, गाडी अगदी वरपर्यंत जाते. तिथून माथ्याजवळ जाणारी वाट मुद्दाम अशी आखली आहे की चाकाची खुर्चीसुद्धा नेता यावी. सौम्य वळणं घेत जाते, खडीची, टणक. अंतर फार तर दीड किलोमीटर. टोकाला एक बाक आहे. त्यावर बसलं की खाली केझिकची छपरं, पलीकडे डरवेंटवॉटर तळं, त्यातली झाडांनी भरलेली बेटं आणि मागे बॉरोडेलच्या दरीत एकामागे एक सरकत गेलेले डोंगर. उंच डोंगर न चढता असा देखावा दिसणारी दुसरी जागा मला तरी या भागात ठाऊक नाही. थर्मासमधला चहा तिथंच काढायचा.

दुसऱ्या दिवसासाठी जुन्या रेल्वेमार्गाची वाट. केझिकला १९७२ पर्यंत रेल्वे होती. ती बंद पडल्यावर थ्रेलकेल्ड गावापर्यंतचा मार्ग चालण्यासाठी आणि सायकलींसाठी राखला गेला. अंतर साधारण पाच किलोमीटर, चढ जवळजवळ नाहीच, कारण आगगाडीसाठी बांधलेला. वाट ग्रेटा नदीला पुन्हा पुन्हा ओलांडत जाते. डिसेंबर २०१५ मध्ये डेस्मंड वादळ आलं तेव्हा जवळच्या होनिस्टर खिंडीत चोवीस तासांत ३४१ मिलिमीटर पाऊस पडला. ब्रिटनमधला तो विक्रम आहे. महाबळेश्वर बघितलेल्या आपल्याला आकडा ओळखीचा वाटेल, पण इथल्या नद्यांना तो पेलणारा नव्हता. या वाटेवरचे पूल वाहून गेले, कडेचा भाग कोसळला. पाच वर्षं लागली, पण २०२० च्या डिसेंबरात वाट पुन्हा उघडली. नवे पूल बांधले आणि रस्त्याच्या कामात कधीकाळी गाडला गेलेला एक जुना बोगदाही उकरून मोकळा केला. बोगद्यातून चालताना काकूंना कसारा घाट आठवेल. त्या थकल्या तर मध्येच मागे फिरू, कुठेही वळलं तरी वाट तितकीच चांगली आहे.

तळ्याचं सांगते. डरवेंटवॉटरवर लाँच फिरते, काठाकाठानं धक्के घेत, दोन्ही दिशांनी. पूर्ण फेरीला तासाच्या आतच वेळ लागतो. आपण हॉज एंडच्या धक्क्यावर उतरू आणि ब्रँडलहाऊच्या रानातून, पाण्याला लागून, पुढच्या धक्क्यापर्यंत चालत जाऊ. हे रान १९०२ साली नॅशनल ट्रस्टनं, म्हणजे अशा जागा सगळ्यांसाठी राखणाऱ्या संस्थेनं, लोकवर्गणीतून विकत घेतलं. या भागातली त्या संस्थेची ती पहिली खरेदी. संस्था काढणाऱ्या तिघांपैकी एक, कॅनन रॉन्सली, केझिकजवळच्या क्रॉस्थवेटच्या चर्चचे धर्मगुरू होते आणि लॅट्रिगची वाट मागणाऱ्या संघटनेचे अध्यक्षही. विकत घेतलं नसतं तर काठावर बंगले उठले असते आणि पाणी फक्त बंगलेवाल्यांनी पाहिलं असतं. आज तिथं कुणाचंही मूल पाण्यात पाय सोडून बसतं. मे महिन्यात त्या झाडांखाली निळी ब्लूबेलची फुलं असतात. काकूंना वहीत चित्रं काढायला आवडतात ना अजून? मग पेन्सिलींचं संग्रहालयही दाखवू. बॉरोडेलच्या सीथवेटजवळ सोळाव्या शतकात इतकं शुद्ध ग्राफाइट सापडलं की केझिक पेन्सिलींचं गाव झालं.

आता तुझं आणि माझं. काकू लाँचनं फिरून येईपर्यंत आपण कॅटबेल्स चढू. ४५१ मीटरचा हा डोंगर हॉज एंडच्या माथ्यावरच आहे. दोन ठिकाणी हात टेकावे लागतात आणि लाखो बुटांनी तिथला खडक गुळगुळीत केलाय, ओला असला तर जपून. धार अरुंद आहे, दोन्हीकडे दरी दिसते, पण रतनगडच्या शिड्या चढलेल्या तुला त्यात भिण्यासारखं काही नाही.

एक पूर्ण दिवस मला ग्रेट गेबलसाठी हवा आहे. सगळे स्कॉफेल पाइकला जातात, कारण ९७८ मीटरचा तो इंग्लंडमधला सर्वांत उंच डोंगर. आकडा ऐकून हसू नकोस, कळसूबाईपेक्षा खूप कमी असला तरी त्याचा वॉसडेल दरीतला पायथा जवळजवळ समुद्रपातळीला आहे, त्यामुळे चढाई बारी गावातून कळसूबाई चढण्याइतकीच पडते. पण माझं मन गेबलवर आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आपल्या सभासदांचं स्मारक म्हणून एका गिर्यारोहण क्लबनं १९२३ साली हा डोंगर आणि आजूबाजूचे माथे विकत घेतले आणि सगळ्यांनी हिंडावं म्हणून नॅशनल ट्रस्टला देऊन टाकले. माथ्यावर काशाची पाटी आहे. दर नोव्हेंबरात, स्मृतिदिनाच्या रविवारी, पावसात-बर्फात लोक वर जमतात आणि अकरा वाजता दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतात. गेलेल्या माणसांच्या नावानं पुतळा न उभारता डोंगर मोकळा करणं, यापेक्षा मोठा मान मला सुचत नाही.

वर जाताना तुला वाट बघायची आहे, पायाखालची. तू सह्याद्रीत वाटा सांभाळण्याचं काम करतेस, म्हणून हे तुझ्यासाठी खास. इथं इतके लोक चालतात की गवत मरतं, माती उघडी पडते आणि पाऊस ती धुऊन नेतो. मग लोक घसरण टाळायला कडेनं चालतात आणि जखम रुंद होत जाते. त्यावर इथं दगडी फरसबंदी करतात. मोठे दगड उभे जमिनीत रोवायचे, एकमेकांत घट्ट बसवायचे, मध्ये सिमेंट नाही. नाणेघाटाची जुनी बांधीव वाट आठव, तीच जातकुळी. आसपास पुरेसा दगड नसेल तर हेलिकॉप्टरनं पोत्यांतून वर आणतात. दिवसभर राबून काही हात वाट पुरी होते. दर थोड्या अंतरावर पाणी बाजूला काढणारी आडवी चर असते, आणि ती चर साफ करायला स्वयंसेवक वर्षभर वर चढतात, पाठीवर फावडं बांधून. फिक्स द फेल्स हा त्यांचा उपक्रम. त्यांच्यासोबत मी चरीतला गाळ काढायला जाते, आणि खरं सांगते, नुसत्या चालण्यापेक्षा मला ते आवडू लागलंय. तुझ्यासाठीही एक दिवस विचारून ठेवीन का? तुला त्यांच्याशी बोलायला खूप असेल.

मेंढ्या सगळीकडे भेटतील. हर्डविक जातीच्या, पांढऱ्या तोंडाच्या, राखाडी लोकरीच्या. कोकरं जन्मतात काळी आणि वयाबरोबर फिकट होत जातात. डोंगरावर कुंपण नसतं, तरी प्रत्येक कळप आपल्याच उतारावर राहतो. आपली हद्द कोकरू आईकडून शिकतं, पिढ्यान् पिढ्या. कुठलंही फाटक उघडलं तर मागे लावायचं, हा इथला पहिला नियम. बॅसनथ्वेट तळ्याजवळ ऑस्प्रे बघू, ते २००१ पासून तिथं पुन्हा घरटी करतात. भिगवणला हिवाळ्यात आपण पाहिलेला तोच पक्षी, फक्त इथले हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेला जातात.

येताना थर्लमिअरवरूनही जाऊ. मँचेस्टरला पाणी द्यायला १८९४ साली तयार झालेला तो जलाशय. दीडशे किलोमीटरहून लांब वाहिनीतून पाणी नुसत्या उतारानं इकडे येतं. त्याखाली वस्त्या गेल्या, शेतं गेली, विरोध करणारे हरले. माझ्या घरातल्या नळाचं त्या खोऱ्याशी असलेलं हे नातं मला विसरायचं नाही, भंडारदऱ्याच्या पाण्याजवळ तू जे बोलली होतीस, तेच इथं मनात येतं.

पावसाचं आधीच सांगते. सीथवेटला वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पडतो, आणि चार महिन्यांत नाही, बाराही महिने. तेव्हा छत्री आणू नकोस, वाऱ्यात टिकत नाही. चांगलं जॅकेट, वरून घालायची वॉटरप्रूफ पँट आणि घोट्यापर्यंतचे बूट. कॉटनची जीन्स नको, भिजली की गार पडते. ढग उतरला की दहा पावलांवरचं दिसत नाही, म्हणून कागदी नकाशा आणि होकायंत्र मी घेतेच, मोबाइलवर विसंबत नाही. नेच्यांतून चालल्यावर पायाला गोचीड चिकटलंय का तेही रोज बघायचं. अडचण आलीच तर ९९९ वर माउंटन रेस्क्यू मागायचं. त्यातली माणसं सगळी स्वयंसेवक, आपली कामं टाकून येतात आणि पैसे घेत नाहीत.

तारखा लवकर कळव. मे महिन्याचा मधला आठवडा सर्वांत चांगला, शेवटच्या आठवड्यात शाळांना सुटी असते आणि खोल्या मिळत नाहीत. मँचेस्टरहून पेनरिथपर्यंत रेल्वे, पुढे केझिकला बस, त्यामुळे गाडी फक्त लॅट्रिगच्या दिवशी लागेल, तेव्हा टॅक्सी करू. तळमजल्यावरची खोली बघते, काकूंना जिना नको. त्यांच्या बुटांचं माप पाठव. त्या काठी वापरत असतील तर एका हाताला की दोन्ही, तेही लिही, इथं चालण्याच्या काठ्या चांगल्या मिळतात, मी आधीच आणून ठेवीन. भाजणी आणलीस तर डबा माझ्याकडे आहे.

काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
रेवती