शोध लागला एवढ्यावर बातमी संपवू नका

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात, आणि खरं तर सगळ्याच पेपरांत, अधूनमधून एक बातमी येते की अमुक संशोधकांनी नवीन रसायन शोधलं, पेटंटही मिळालं, आता डाग पाण्याशिवाय निघतील किंवा प्लास्टिक आपोआप विरघळेल. बातमी तिथेच संपते. पुढे ते रसायन कारखान्यात बनलं का, बनलं तर कशापासून बनलं आणि बनवताना मागे काय काय उरलं, हे वाचायला मिळत नाही. मी बरीच वर्षं केमिकल प्लांटमध्ये प्रोसेस साइडला काम केलंय आणि माझं ठाम मत आहे की या क्षेत्रातलं खरं डोकं त्या बातमीनंतरच्या टप्प्यात लागतं, आणि लोकांचा फायदा होणार की नुकसान हेसुद्धा तिथेच ठरतं. म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय पण कृपया छापा.

अमोनियाचंच बघा. हवेतला नायट्रोजन हायड्रोजनशी जोडून अमोनिया बनवता येतो हे फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये जर्मनीत टेबलावर मावणाऱ्या उपकरणात करून दाखवलं, त्याला १९१८ चं नोबेल मिळालं आणि शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव आलं. सगळं योग्यच आहे. पण त्याने वापरलेला कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ, ऑस्मियम धातूचा होता आणि ऑस्मियम इतका दुर्मीळ की त्याच्या भरवशावर खताचे कारखाने उभे राहणं शक्यच नव्हतं. मग बीएएसएफ या जर्मन केमिकल कंपनीत अल्विन मिटाश आणि त्याच्या टीमने हजारो मिश्रणं एकामागून एक टेस्ट केली, हजारो म्हणजे अक्षरशः हजारो, आणि शेवटी उत्तर निघालं लोखंड, तेही शुद्ध नाही तर त्यात थोडं अ‍ॅल्युमिना आणि पोटॅशियम मिसळलेलं. आजसुद्धा बहुतेक अमोनिया प्लांटमध्ये याच जातीचा कॅटॅलिस्ट भरलेला असतो.

आणि बीएएसएफच्याच कार्ल बॉशने हा प्लांट मोठ्या प्रमाणावर उभा करताना जे केलं ते तर मला या सगळ्यात सगळ्यात जास्त भावतं. प्रेशर २०० अ‍ॅटमॉस्फिअरच्या आसपास, तापमान ५०० डिग्रीच्या आसपास, अशा परिस्थितीत हायड्रोजन स्टीलमध्ये घुसतो, त्यातल्या कार्बनशी जुळून मिथेन बनवतो आणि जाडजूड स्टील आतून ठिसूळ होत जातं. सुरुवातीच्या ट्रायलमधल्या रिअ‍ॅक्टर ट्यूब ८० तासांच्या आसपास फुटल्या. बॉशने काय केलं तर आतून मऊ लोखंडाचं अस्तर दिलं ज्यात कार्बन जवळपास नाहीच, प्रेशर झेलायला बाहेरून स्टीलचं कवच ठेवलं आणि त्या बाहेरच्या कवचाला चक्क बारीक भोकं पाडली, म्हणजे अस्तरातून जो थोडा हायड्रोजन झिरपेल तो स्टीलला खात न बसता बाहेर निघून जाईल. इतक्या प्रेशरच्या भांड्याला मुद्दाम भोकं पाडायची हा विचार सुचायला पण धाडस लागतं. १९१३ मध्ये जर्मनीतला ओप्पाऊचा प्लांट सुरू झाला आणि आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचं पोट या प्रोसेसमधून खतात आलेल्या नायट्रोजनवर अवलंबून आहे. बॉशलाही १९३१ मध्ये नोबेल मिळालं, पण हाबरचं नाव माहीत असलेल्या किती जणांना ही अस्तराची आणि भोकांची गोष्ट माहितीये?

याच अमोनियाची दुसरी बाजू पण सांगतो. त्यासाठी लागणारा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशातून येतो, त्यामुळे जगाच्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण १ ते २ टक्के हिस्सा एकट्या अमोनियाचा. म्हणून आता ग्रीन अमोनियाच्या बातम्या येतात, पाण्यातून विजेने हायड्रोजन काढायचा वगैरे. चांगलंच आहे, मला त्याचा आनंद आहे. पण वारा आणि ऊन कमीजास्त होतं आणि अमोनियाचा प्लांट मात्र एकसारखा चालायला बघतो, वारंवार लोड बदलला तर तापमान हलतं, कॅटॅलिस्टला आणि भांड्यांना त्रास होतो. मग मधे हायड्रोजन साठवायचा का, किती साठवायचा, कमी लोडवर प्लांट कसा चालवायचा, अडचण तिथे आहे आणि तिथे आज खरोखर चांगलं काम चाललंय. बातमीत याबद्दल एक ओळ तरी हवी.

रोजच्या वापराच्या वस्तूंमध्ये पण हेच आहे, फक्त तिथे भांडं फुटत नाही, तिथे बाटलीतले किंवा ट्यूबमधले घटक एकमेकांशी भांडतात. टूथपेस्टमध्ये फ्लोराइड घालायची कल्पना जुनी, पण सुरुवातीच्या पेस्टचा उपयोग होत नव्हता, कारण दात घासायला घातलेल्या पावडरीत कॅल्शियम असायचं आणि ते फ्लोराइडला ट्यूबमध्येच बांधून टाकायचं, दातापर्यंत पोचायला फ्लोराइड मोकळं उरायचंच नाही. १९५५ मध्ये अमेरिकेत क्रेस्ट आली तेव्हा तिच्यात स्टॅनस फ्लोराइडसोबत खास उष्णता देऊन बनवलेलं कॅल्शियम पायरोफॉस्फेट होतं, जे फ्लोराइडला फारसं पकडत नाही. दुसरा मार्ग निघाला सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेटचा, त्यात फ्लोरिन फॉस्फेटला घट्ट जोडलेलं असतं त्यामुळे कॅल्शियम कार्बोनेटबरोबरसुद्धा टिकतं आणि तोंडातले एन्झाइम ते मोकळं करतात. आणि नंतर सिलिका आली, तिच्यात कॅल्शियमच नाही. म्हणजे दात किडण्यापासून वाचवणारा पदार्थ आधीपासून माहीत होता, त्याला ट्यूबमध्ये जिवंत ठेवायचं कसं हा शोध होता. फॉर्म्युलेशनवाल्यांचं, म्हणजे घटक एकत्र नांदवून माल बनवणाऱ्यांचं काम म्हणजे हेच, आणि लेबलवर ते दिसत नाही.

डिटर्जंटची कहाणी मात्र मला जरा सविस्तर सांगायचीये कारण तिच्यात चूक, दुरुस्ती, परत चूक, परत दुरुस्ती असं सगळं आहे. साबण जड पाण्यात गेला की कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर त्याचा चिकट साका होतो. म्हणून सिंथेटिक डिटर्जंट आले, १९३० च्या दशकात पहिले आले पण ते हलक्या कपड्यांपुरते, जास्त मळलेले कपडे त्यांनी निघत नव्हते. १९४६ मध्ये अमेरिकेत टाइड ही पावडर आली तेव्हा फरक पडला तो सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटमुळे, ज्याला आम्ही बिल्डर म्हणतो, ते पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि सुटलेला मळ परत कपड्यावर बसू देत नाही. लोक खूश, कपडे स्वच्छ. पण त्या काळात सर्रास वापरल्या जाणाऱ्या डिटर्जंटचे रेणू फांद्या असलेले होते, कारण ते प्रोपिलीनपासून स्वस्तात बनायचे, आणि पाण्यातल्या जिवाणूंना फांद्यांची साखळी सहज खाता येत नाही. परिणाम असा की सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर आणि नद्यांवर फेसाचे थर साचायला लागले. डिटर्जंट बनवणाऱ्याने कपडा स्वच्छ झाला की नाही एवढंच मोजलं होतं, नाल्यात गेल्यावर त्या रेणूचं काय होतं हे त्याच्या टेस्टच्या यादीतच नव्हतं!

जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, अमेरिकेत इंडस्ट्रीने १९६५ च्या सुमारास सरळ साखळीच्या रेणूंकडे मोर्चा वळवला. हे वाचायला सोपं वाटतं, पण सरळ साखळ्या टनांनी आणायच्या कुठून? केरोसीनमध्ये सरळ आणि फांद्यांच्या साखळ्या मिसळलेल्या असतात. तर झिओलाइट नावाचं खनिजासारखं मटेरियल आहे, त्याला ठराविक मापाची इतकी बारीक छिद्रं असतात की सरळ साखळी आत जाते आणि फांद्यांवाली बाहेरच राहते. या मॉलिक्युलर सीव्हमुळे सरळ साखळीचं डिटर्जंट परवडायला लागलं. फेस कमी झाला तर लक्षात आलं की फॉस्फेटमुळे तळ्यांमध्ये शेवाळ माजतंय, त्याने पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. मग फॉस्फेटला पर्याय म्हणून १९७० च्या दशकात पावडरीत काय आलं तर पुन्हा झिओलाइटच, वेगळ्या प्रकारचं, जे पाण्यातलं कॅल्शियम घेतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. एकाच घराण्यातल्या पदार्थाने दोन वेगवेगळ्या चुका निस्तरल्या, याच्यावर खरं तर अख्खी रविवार पुरवणी निघेल. एन्झाइमचं पण तसंच, १९६० च्या दशकात पावडरीत एन्झाइम आले, डाग छान निघायला लागले, पण पावडर भरणाऱ्या कामगारांना त्या बारीक धुळीने अ‍ॅलर्जी आणि दमा व्हायला लागला. उपाय एन्झाइम बदलून नाही निघाला, एन्झाइमवर आवरण चढवून धूळ न होणारे दाणे बनवले तेव्हा निघाला. ज्याने कोणी ते दाणे नीट बनवले त्याने किती फुप्फुसं वाचवली असतील!

सुरक्षेबद्दल बोलायलाच हवं. १ जून १९७४ ला इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोचा केमिकल प्लांट स्फोटात उडाला, २८ माणसं गेली. एक रिअ‍ॅक्टर तडा गेल्यामुळे काढला होता आणि त्याच्या जागी तात्पुरता बायपास पाइप टाकला होता, तो तुटला. पाइपचं डिझाइन नीट केलं नव्हतं हे खरंच. पण ट्रेव्हर क्लेट्झ नावाच्या केमिकल इंजिनिअरने त्याच्या पुढचा प्रश्न विचारला, की मुळात एवढं उकळतं सायक्लोहेक्झेन, म्हणजे चटकन पेट घेणारा द्रव, प्लांटमध्ये फिरत का होतं? कारण ती रिअ‍ॅक्शन एका फेरीत फार थोडी पुढे जायची, बाकीचा माल परत परत फिरवावा लागायचा. म्हणजे रिअ‍ॅक्शन जास्त पूर्ण होणारी असती तर एवढा साठाच लागला नसता. नायट्रोग्लिसरीन या स्फोटकात हे झालेलं आहे, आधी साधारण टनभर माल एका भांड्यात ढवळत ठेवायचे, नंतर अशी पद्धत आली की कोणत्याही क्षणी रिअ‍ॅक्टरमध्ये साधारण किलोभरच असतो आणि तरी उत्पादन तेवढंच. मला विचाराल तर हा माणसांचा जीव वाचवणारा शोध आहे, पण कोणी त्याची बातमी केलेली मी तरी बघितली नाही.

वेस्टचं एकच उदाहरण देतो. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक बनवायची जुनी पद्धत ६ टप्प्यांची, तिच्यात वापरलेल्या कच्च्या मालातले जेमतेम ४० टक्के अणू गोळीत पोचायचे. १९९२ पासून टेक्सासमधल्या प्लांटमध्ये ३ टप्प्यांची पद्धत सुरू झाली, ७७ टक्के अणू मालात. त्यात हायड्रोजन फ्लुओराइड वापरतात जे स्वतः अत्यंत घातक आहे, परत परत वापरलं जातं पण हाताळायला जबरदस्त काळजी लागते, हेसुद्धा सांगितलं पाहिजे. ग्रीन म्हटलं की सगळं गोड असं नसतं.

आता क्रीम, लोशन, शाम्पूवाल्या बातम्या. प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री म्हणून कौतुक छापून येतं ते वाचून मला खरंच काळजी वाटते. ज्यात पाणी आहे त्यात जिवाणू आणि बुरशी वाढणारच, म्हणून लॅबमध्ये मुद्दाम जंतू घालून २८ दिवस बघतात की ते मरतायत की वाढतायत, शिवाय ४० डिग्रीला महिनोन्‌महिने बाटल्या ठेवून थर वेगळे होतात का, वास, रंग बदलतो का हे तपासतात. प्रिझर्व्हेटिव्ह नसेल तर त्याऐवजी काय केलंय, पाणीच काढलंय की पॅकिंग बदललंय, हे वार्ताहराने विचारायला नको का? आणि उलट बाजूने, अँटिबॅक्टेरियल साबणांचं बघा, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध नियामक संस्थेने, २०१६ मध्ये ट्रायक्लोसन या जंतुनाशकासकट १९ घटक अशा साबणांतून बंद केले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते जास्त चांगले आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. तोपर्यंत वर्षानुवर्षं जाहिराती चालू होत्या.

पेटंटबद्दल पण एक विनंती. अर्ज केला की साधारण १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो, त्याला मंजुरी म्हणत नाहीत, पण बातमी तेव्हाच येते की पेटंट मिळालं. आणि मंजूर झालं तरी त्याचा अर्थ कल्पना नवीन आहे, उघड दिसणारी नाही आणि वापरता येण्यासारखी आहे एवढाच, प्लांट चालेल, माल परवडेल, सुरक्षित असेल असं पेटंट ऑफिस म्हणत नाही. उलट पेटंटमध्ये उदाहरणं दिलेली असतात, कशात किती टाकलं, किती वेळ ढवळलं, जुन्या पद्धतीशी तुलना केली तर काय आलं, ती वाचली तर अर्धी बातमी तिथेच सापडते आणि ती कोणालाही फुकट वाचता येतात.

तर माझं मागणं एवढंच आहे. नवीन रसायनाची बातमी छापताना आतापर्यंत ते किती बनवलंय, ग्रॅममध्ये, किलोत की टनात, हे विचारून छापा. एक किलो माल बनवताना किती किलो वेस्ट निघतं आणि ते कुठे जातं हे विचारा, आणि वापरून झाल्यावर पाण्यात गेल्यावर त्याचं काय होतं हेही. सध्या पीफास म्हणजे सहजासहजी न विघटणाऱ्या फ्लोरिनच्या रसायनांना पर्याय सापडला अशा बातम्या भरपूर येतायत, सुरुवात तिथूनच करता येईल. शक्य असेल तर तुमच्याच पेपरात गेल्या ५-१० वर्षांत आलेल्या अशा शोधांच्या बातम्या काढा आणि त्यातल्या कोणत्या प्लांटपर्यंत पोचल्या, कोणत्या पायलटला म्हणजे छोट्या चाचणी प्लांटला अडकल्या आणि का अडकल्या यावर एक मालिका करा, आणि त्यासाठी प्राध्यापकांबरोबर शिफ्टमध्ये रिअ‍ॅक्टर चालवणाऱ्या ऑपरेटरशी आणि क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणीत सॅम्पल तपासणाऱ्या पोरांशी पण बोला.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्रोसेस इंजिनिअर