वाचनालयाचा संगणक सुरू करून देणाऱ्यांचे आभार
गुहागरच्या आमच्या वाचनालयातील संगणकात नवा प्रोसेसर (संगणकाची मुख्य चिप) बसवल्यावर पंखे फिरत, पडदा मात्र काळाच राही. प्रोसेसर बसवायची जागा, म्हणजे एएम४ सॉकेट, तेच असले तरी २०१८ सालच्या मदरबोर्डावरील (संगणकाच्या मुख्य पट्टीवरील) जुने बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारी मूळ आज्ञावली, २०२० च्या अखेरीस आलेला प्रोसेसर ओळखत नाही, हे फोनवरच नेमके सांगणाऱ्या चिपळूणच्या तंत्रज्ञांचे, आणि आमचा जुना प्रोसेसर आधीच देऊन टाकलेला असल्याने बायोस अद्ययावत करण्यापुरता, जुने बायोस ओळखेल असा स्वतःचा प्रोसेसर, एकही पिन वाकणार नाही अशा बेताने बांधून एसटीने पाठवणाऱ्या सद्गृहस्थांचे आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. बायोस अद्ययावत करण्याचे काम चालू असताना वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो, आणि आषाढात आमच्याकडे विजेचा भरवसा कोण धरणार? त्यासाठी दुकानातला यूपीएस आणून देणाऱ्या शेजाऱ्यांचेही आभार. प्रोसेसरच्या पुडक्यावर पाठवणाऱ्यांचा पत्ता नव्हता. प्रोसेसर परत कोठे पाठवावा, हे संबंधितांनी कृपया कळवावे.